पर्जन्याचे भाकीत आणि लोकांचे हसू

वेधशाळेने पावसाची वर्दी दिली की छत्री खुशाल घरी ठेवावी आणि आकाश निरभ्र राहील असे कळवले की ती आठवणीने बरोबर घ्यावी, हा विनोद महाराष्ट्रात चहाच्या दुकानापासून कचेरीपर्यंत सर्वत्र चालतो आणि मृग लागला की दर वर्षी नव्याने सांगितला जातो. या हसण्याला इतिहास आहे. आणि तो दुष्काळाच्या, साऱ्याच्या सुटीच्या आणि रयतेच्या पोटापाण्याच्या इतिहासात गुंतलेला असल्यामुळे सावकाश पाहण्याजोगा आहे.

पाऊस मोजण्याची आणि वर्तवण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. कौटिल्याने कोष्ठागारात पर्जन्यमापनाचे कुंड बसवण्यास सांगितले आणि सीताध्यक्षाच्या प्रकरणात जांगल प्रदेशाला 16 द्रोण, अवंतीला 23 द्रोण अशी प्रमाणे देऊन अपरान्ताचा, म्हणजे आपल्या कोकणाचा, पाऊस अमित म्हणून नोंदवला. वराहमिहिराने मेघांच्या गर्भधारणेपासून 195 दिवसांनी वृष्टी होते असे गणित बृहत्संहितेत मांडले. पुढे पंचांगाने सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून, आलेल्या संख्येस 9 ने भागून, शेषावरून प्रत्येक पर्जन्यनक्षत्राचे वाहन ठरवण्याची रीत घरोघर पोहोचवली. बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघाला तर पेरणीला हुरूप यावा आणि गाढव निघाले तर चिंता वाटावी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मात्र पंचांगाच्या वाट्याला वेधशाळेइतका उपहास आला नाही, याचे कारण श्रद्धा एवढेच नव्हे. एका नक्षत्राचा काळ तेरा-चौदा दिवसांचा, त्यात पाऊस कोणत्या गावी आणि किती पडेल याचा आकडा नाही. तेव्हा चूक पकडावी तरी कशी? आकडा देणाराच खोटा ठरू शकतो, आणि आकडा देण्याचे धाडस सरकारी खात्याने केले.

ते धाडस संकटांतून जन्मले. 1864 च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर प्रचंड चक्रीवादळ आले, 1866 मध्ये ओरिसात भीषण दुष्काळ पडला आणि अखेर 1875 साली हिंदुस्थान सरकारने हवामानाचे स्वतंत्र खाते स्थापून हेन्री ब्लॅनफर्ड यांची त्यावर नेमणूक केली. पुढच्याच वर्षी दख्खनवर तो महादुष्काळ कोसळला, ज्याने सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांतील गावेच्या गावे ओस पाडली. पाऊस हुकणार हे आधी कळले असते तर तगाई, दुष्काळी कामे आणि धान्याची आयात यांची तजवीज वेळेवर करता आली असती, ही जाणीव त्यानंतर सरकारला टाळता येण्यासारखी नव्हती. हिमालयावर वसंतात फार बर्फ पडले तर मोसमी वारे दुर्बळ होतात हा संबंध ब्लॅनफर्ड यांनी हेरला, 1882 ते 1885 पर्यंत तो प्रायोगिक अंदाजांतून अजमावला आणि 4 जून 1886 रोजी मोसमी पावसाचा पहिला रीतसर दीर्घ मुदतीचा अंदाज प्रसिद्ध झाला.

ब्लॅनफर्ड यांच्यामागून आलेल्या जॉन इलियट यांनी बर्फाच्या जोडीला हिंदी महासागरावरील आणि दूरच्या देशांतील हवेचा हिशेब घेऊन अंदाज विस्ताराने लिहिण्याची प्रथा पाडली. 1899 मध्ये त्यांनी चांगल्या पावसाची आशा दाखवली आणि त्या वर्षी देशावर एकोणिसाव्या शतकातला शेवटचा, अत्यंत भयंकर दुष्काळ आला. वर्तमानपत्रांनी झोड उठवली, आणि ती अन्याय्य होती असे म्हणता येणार नाही, कारण भुकेल्या माणसाला शास्त्राच्या अडचणी सांगून भागत नाही. परंतु त्यावर सरकारने जो उपाय केला तो मला मूळ चुकीपेक्षाही गैर वाटतो. 1902 पासून काही वर्षे हे अंदाज गोपनीय ठरले. ते सरकारी दप्तरात जात, लोकांपर्यंत येत नसत. ज्याच्या शेतावर पाऊस पडायचा त्यालाच तो सांगायचा नाही, अशी ही व्यवस्था होती.

1904 मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. ते केंब्रिजचे गणिती. हवामानशास्त्राचे शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते. जगभरच्या वेधशाळांतील वायुभार, तापमान आणि पर्जन्य यांची कोष्टके हिंदी कारकुनांकडून हातांनी मांडून घेऊन त्यांनी परस्परसंबंधांची गणिते अनेक वर्षे केली आणि त्यांतून प्रशांत महासागर व हिंदी महासागर यांच्यावरील वायुभाराचा तो हेलकावा सापडला, ज्याला आज सर्व जग दक्षिणी आंदोलन म्हणून ओळखते. दैवाची गती अशी की या शोधाने अन्य देशांच्या ऋतूंवर पुष्कळ प्रकाश पडला, पण ज्या मोसमी पावसासाठी तो हाती घेतला होता त्याचे भाकीत मात्र पुरते हाती आले नाही. खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि शिवाजीनगरच्या त्या मनोऱ्याच्या इमारतीला पुणेकरांनी सिमला ऑफिस हे नाव कायमचे दिले. मुख्यालय 1944 साली दिल्लीस गेले, तरी नाव राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात वसंत गोवारीकर यांच्या पुढाकाराने 1988 मध्ये 16 घटकांचे प्रतिमान आले आणि काही वर्षे त्याने लोकांचा विश्वास मिळवला. 2002 साली त्यावरून सरासरीच्या 101 टक्के पाऊस अपेक्षिला होता. प्रत्यक्षात 81 टक्के पडला आणि एकट्या जुलैत निम्माच पडला. ते प्रतिमान बाजूस ठेवावे लागले.

तेव्हा चुका झाल्या आणि मोठ्या झाल्या. परंतु पुष्कळ हसू चुकीमुळे नव्हे, तर अंदाजाचा अर्थ न पाहिल्यामुळे येते. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातील मापनकेंद्रांपैकी फार तर चतुर्थांश केंद्रांवर. ‘काही ठिकाणी’ म्हणजे अर्ध्यांपर्यंत. ‘मुसळधार’ म्हणजे दिवसात 64.5 मिलिमीटर किंवा अधिक. देशाचा पाऊस ‘सामान्य’ म्हणजे दीर्घकालीन सरासरीच्या 96 ते 104 टक्के, आणि त्या बेरजेत चेरापुंजीही आली, माण-खटावही आले. सारा देश सामान्य ठरूनही एखादा तालुका कोरडा राहू शकतो. आणि तेथील शेतकरी हसला तर ते हसणे दुःखाचे असते, हे खात्याने ओळखावे. पाऊस किती थोड्या अंतरात पालटतो हे 26 जुलै 2005 रोजी मुंबईने पाहिले: सांताक्रूझला 944 मिलिमीटर, आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, जेमतेम 74.

इलियट यांची चूक काळाच्या ओघात क्षम्य ठरली. अंदाज लपवण्याचा तो हुकूम मात्र क्षम्य ठरत नाही, आणि लोकांचे हसू सोसूनही जे खाते दर वर्षी उघडपणे आकडा सांगते त्याचा मी आदर करतो. खात्याला एकच विनंती करावीशी वाटते. तहसील कचेरीच्या ज्या फलकावर आणेवारी लागते, त्याच फलकावर गेल्या हंगामाचा अंदाज आणि त्या तालुक्यात प्रत्यक्ष पडलेला पाऊस हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लावावेत, चुकलेल्या वर्षीही.