जेटचे माप आणि त्याचा काळ : फोर्ड ‘मॉडेल ए’ पिकअपच्या कार्बुरेटरविषयी

जुन्या पिकअपच्या इंजिनाची पुनर्बांधणी करताना कार्बुरेटरमध्ये कोणत्या मापाचे जेट बसवावेत, हा प्रश्न वरकरणी केवळ कारागिराचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे. कारखान्याने ठरविलेले माप हा एका विशिष्ट काळाचा लेख होय. आणि कोणत्याही लेखाप्रमाणे त्याचा अर्थ त्या काळाच्या संदर्भातच लावावा लागतो.

बारीक छिद्रातून पेट्रोल हवेच्या झोतात फवारण्याची कल्पना १८९३ साली हंगेरीत बांकी व चोंका यांनी, आणि जर्मनीत मायबाख यांनी सिद्ध केली. तथापि एकाच जेटच्या रचनेत एक दोष होता. हवेचा वेग वाढला की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाजवीपेक्षा अधिक होई. फ्रान्समध्ये बावरे यांनी १९०६ च्या सुमारास त्यावर उपाय काढला. प्रधान जेटच्या जोडीला त्यांनी दुसरा, पूरक जेट योजिला. त्यातील पेट्रोल उघड्या कूपिकेत केवळ स्वतःच्या भाराने उतरत असल्यामुळे वेग वाढला तरी त्याचा पुरवठा जवळजवळ स्थिर राही. एकाचा अतिरेक व दुसऱ्याची उणीव परस्परांना छेदून मिश्रण सम राही. ‘झेनिथ’ कार्बुरेटर याच तत्त्वावर उभा राहिला.

अमेरिकेत १९२७ च्या अखेरीपासून १९३१ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाड्यांवर, त्यांत पिकअपवरही, झेनिथ कार्बुरेटर असे. त्याच्या जेटची परीक्षा केवळ छिद्राच्या व्यासावरून होत नसे. ठराविक दाबाखाली मिनिटास किती पाणी वाहते, हे मोजले जाई. ही कसोटी अधिक विश्वसनीय होय, कारण प्रवाह छिद्राच्या कडांवर व लांबीवरही अवलंबून असतो. तारेने साफ करताना व्यास पाच टक्के वाढला, तर क्षेत्रफळ सुमारे दहा टक्के वाढते. यास्तव जुना जेट ‘मूळचा’ आहे, एवढ्यावरून त्याचे माप मूळचे ठरत नाही.

सिलिंडर रिबोअर केले की मोठा जेट हवा, असा समज आढळतो. ‘मॉडेल ए’चा बोअर ३.८७५ इंच असून तो ०.०६० इंचाने वाढविल्यास घनफळ तीन टक्क्यांनीच वाढते. शिवाय हवा अधिक ओढली गेली की पेट्रोलही त्या मानाने अधिक येते. म्हणून तेवढ्यासाठी जेट बदलण्याचे कारण उरत नाही. प्रमाण बिघडते ते इंधन आणि हवा यांच्यामुळे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९. अमेरिकेत सर्वत्र मिळणाऱ्या, दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या मापाच्या जेटचे मिश्रण सुमारे चार टक्क्यांनी पातळ होते. उलट डेन्व्हरसारख्या १,६०० मीटर उंचीच्या नगरात हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे सातव्या हिश्शाने विरळ असते. तेथे तेच जेट मिश्रण दाट करतात.

या निवडीत चूक झाल्यास किंमत मोठी पडते. मिश्रण फार पातळ झाले तर व्हॉल्व्ह जळतात. फार दाट झाले तर सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुतले जाऊन नव्या रिंगा बसण्यापूर्वीच झिजतात. सारांश, मूळ माप हे आरंभस्थान मानावे, प्रवाह मोजून ते पडताळावे आणि अखेरचा निर्णय भाराखाली गाडी चालवून, स्पार्क प्लगचा रंग पाहून करावा. मूळ मापाशी निष्ठा म्हणजे अंकाशी निष्ठा नव्हे. त्या अंकाने जे मिश्रण साधावयाचे होते, त्याच्याशी निष्ठा होय.