आंधळगाव पोलीस ठाणे
भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील ठाणे. 29 सप्टेंबर 2006 रोजी याच्या हद्दीतील खैरलांजी गावात भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची जमावाने हत्या केली. मदतीची हाक पोहोचूनही पोलीस वेळेत आले नाहीत. तपासात हयगय झाली, कर्मचारी निलंबित झाले आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. ॲट्रॉसिटी कायदा असूनही दुबळ्याला ठाण्याचा आधार मिळाला नाही, ही या प्रकरणातली सर्वांत गंभीर बाब. या हत्याकांडाच्या आठवडाभर आधीच, 22 सप्टेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशसिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे सात निर्देश दिले होते. तपास व कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करणे आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमणे हे त्यांतले महत्त्वाचे. या निर्देशांनंतर महाराष्ट्राने पोलीस कायद्यात दुरुस्ती केली ती 2014 मध्ये.