एंडोमेट्रिओसिस

गर्भाशयाच्या अंतःस्तरासारखे ऊतक बीजांडकोश, पर्युदर, आतडे अशा परक्या ठिकाणी रुजल्याने उद्भवणारा विकार. हे ऊतकही हॉर्मोनांच्या आज्ञेने दरमहा सुजते व स्रवते. परंतु त्या रक्तास बाहेर पडण्याची वाट नसल्याने दाह होतो, अवयव एकमेकांस चिकटतात, आणि पाळीतच नव्हे, तर समागमात, शौचाच्या वेळी, प्रसंगी महिनाभर ओटीपोट दुखत राहते. कित्येकींना वंध्यत्वही येते. ऋतुस्राव अंडवाहिन्यांतून उलट वाहून उदरात शिरतो आणि त्यातील ऊतक तेथे रुजते, ही अमेरिकन स्त्रीरोगविशारद जॉन सॅम्पसन यांची १९२७ मधील उपपत्ती आजही प्रमुख मानली जात असली, तरी असा उलटा प्रवाह बहुतेक स्त्रियांत आढळत असताना विकार मात्र जननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांसच का जडतो, याचा उलगडा तिने होत नाही. या विकाराच्या वेदनेहून पाळीच्या सामान्य कळा वेगळ्या: त्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांमुळे गर्भाशय आकुंचन पावल्याने येतात. या दोन्ही वेदना ‘बाईच्या जातीला हे चालायचेच’ या एकाच सदरात दाखल करण्याची वहिवाट (आणि ती दवाखान्यांतूनही आढळते) निदानास वर्षानुवर्षे विलंब लावते. सोनोग्राफीत बीजांडकोशातील गाठी दिसतात, पर्युदरावरील बारीक ठिपके बहुधा निसटतात. ते दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतच नजरेस पडतात. हॉर्मोनांच्या औषधांनी वेदना आटोक्यात राहते, शस्त्रक्रियेने गाठी काढता येतात. तथापि विकार पुन्हा उद्भवू शकतो.