वैशाखरे, नाणेघाट आणि वारा सोडून देण्याची विद्या

१/ कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजकडे निघाले की वाटेत वैशाखरे लागते. गाव मागे पडताच नाणेघाटाची पायवाट सुरू होते. भर पावसाळ्यात येथे माथ्यावरून सुटलेले पाणी खाली पोहोचत नाही. समुद्रावरून आलेला वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि ते पाणी पुन्हा माथ्यावर भिरकावतो. हा ‘उलटा धबधबा’ पाहायला आज गर्दी होते. दोन हजार वर्षांपूर्वी याच वाऱ्यावर या वाटेचे भाग्य अवलंबून होते.

२/ नाणेघाट हा सातवाहनांचा राजमार्ग. पैठण, तेर, जुन्नर येथील माल या वाटेने कोकणात उतरे आणि कल्याण व सोपारा या बंदरांकडे जाई. घाटातील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. १८२८ साली विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. माथ्यावरचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा सांगते. मात्र बैलांच्या पाठीवरून खाली उतरलेल्या मालाचा पुढचा प्रवास बैलांच्या हाती नव्हता. तो शिडाच्या हाती होता.

३/ ‘हिप्पालस नावाच्या ग्रीक नाविकाने मोसमी वारा शोधून काढला’ हे वाक्य अनेक पुस्तकांत आढळते. ते अर्धसत्य आहे. अरब आणि भारतीय दर्यावर्दी हे वारे आधीपासून ओळखत होते. ग्रीकांना भर समुद्रातून थेट भारताकडे येण्याचा मार्ग उमगला, एवढाच त्याचा अर्थ. आणि वारा कोणत्या महिन्यात वाहतो हे ठाऊक असणे वेगळे, तो शिडात कसा घ्यावा हे ठाऊक असणे वेगळे.

४/ इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ याच दुसऱ्या गोष्टीची साक्ष देतो. भारताकडे येणारी जहाजे इजिप्तहून जुलैच्या सुमारास निघत, म्हणजे नैर्ऋत्य वाऱ्याचा जोर ओसरत असताना ती आपल्या किनाऱ्याला लागत. दक्षिणेकडील बंदरांना जाणारे नाविक जहाजाचा रोख वाऱ्याच्या सरळ रेषेतून बराच बाजूला वळवून धरत. भडोचकडे जाणारे मात्र थोडे अंतर किनाऱ्याने जाऊन मग थेट समुद्रात शिरत. वारा एकच, पण तो घेण्याचे कोन निराळे.

५/ कोन चुकला तर? पेरिप्लस सांगतो की, कल्याण पूर्वी राजमान्य बंदर होते. पुढे सत्तेच्या झगड्यात तेथील व्यापार अडवला गेला आणि तेथे चुकून आलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेले जाई. त्या काळी दिशा चुकणे म्हणजे जहाज आणि माल दोन्ही परक्या सत्तेच्या ताब्यात जाणे होते. जहाजे कल्याण टाळू लागली, की त्याची झळ घाटवाटेलाही बसणारच.

६/ जोरदार पण एकसारखा वारा नाविकाला फारसा भिववत नाही. त्याला धास्ती असते ती झोतांनी येणाऱ्या वाऱ्याची. डोंगराच्या आडोशाला वारा फुटतो. क्षणात पडतो, क्षणात दुप्पट होतो, दिशाही बदलतो. अशा वेळी तो शिडाच्या चुकीच्या बाजूने शिरतो. पुढे ओढणारे शीड उलटे भरते आणि डोलकाठीवर दाबले जाते. जहाज थबकते, मागे रेटले जाते, सुकाणू निकामी होते. काठी मोडण्याची किंवा जहाज कलंडण्याची भीती असते ती याच घटकेला.

७/ यावरचा प्राचीन उपाय तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके व म्योस होर्मोस या बंदरांच्या उत्खननात हाती आला. तेथे सुती शिडांचे तुकडे आणि शिडाच्या कड्या सापडल्या. सुताचा पीळ भारतीय पद्धतीचा आहे. म्हणून ते कापड भारतातले असावे, असे अभ्यासक मानतात. कड्यांतून ओवलेले दोर ओढले की शीड पडद्यासारखे वर गोळा होई. झोत आला की दोर ओढायचे, ओसरला की सैल सोडायचे. काठीवर चढण्याची गरजच नसे.

८/ पुढे या समुद्रात तिरप्या वाशावरचे त्रिकोणी शीड रूढ झाले. कोकणातील फत्तेमारीने ते विसाव्या शतकापर्यंत वापरले. असे जहाज वळवताना नाळ वाऱ्यातून फिरवली तर शीड हमखास उलटे भरते. म्हणून तांडेल पिछाडी वाऱ्याकडे करून लांबचा वळसा घेई आणि वासा काठीपुढून दुसऱ्या बाजूला नेई. अंतर वाढे, पण जहाज वाचे.

९/ १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तेथील खाडीत आरमाराची पायाभरणी झाली. वैशाखऱ्याची वाट ज्या बंदराकडे जाते, तेच हे बंदर. या आरमारात गुराब शिडांवर चालत, तर हलक्या गलबतांना शिडांबरोबर चाळीस-पन्नास वल्हीही असत. वारा पडला की गलबते गुराबांना ओढून नेत. वाऱ्याच्या लहरीवर सारे सोपवायचे नाही, हा विचार जहाजांच्या रचनेतच होता.

१०/ तोच विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील आरमाराच्या प्रकरणात राजनीती होऊन येतो. वारा अनुकूल नसेल तर हट्टाने झुंजू नये, जहाजे आपल्या जंजिऱ्याच्या आश्रयाला आणावीत. पावसाळ्यात आरमार सुरक्षित बंदरात छावणीला ठेवावे, असा त्याचा आशय आहे. माघार हा येथे भ्याडपणा नाही. जहाज आणि माणूस राखण्याची ती रीत आहे.

११/ आज विंग फॉइलिंग या खेळात हवा भरलेला पंख हातात धरून पाण्यावर तरंगत जातात. तेथेही धडा तोच. झोत आला की मागचा हात सैल सोडून वारा जाऊ द्यायचा. घट्ट धरून ठेवणाऱ्याच्या पंखात वारा उलट्या बाजूने शिरला की तो थेट पाण्यात पडतो.

१२/ कोळी समाज आजही नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतो, तो याच शहाणपणाचा वारसा. नाणेघाटाची वाट कड्याला भिडून कोरली गेली. तिच्या दुसऱ्या टोकाची जहाजे मात्र वाऱ्याला न भिडता, वेळीच त्याला वाट करून देत बंदराला लागली. या व्यापारमार्गाला दोन्ही विद्या लागल्या. पहिलीची खूण दगडात उरली. दुसरीची उरली आहे ती वाळूत सापडलेल्या शिडाच्या चार चिंध्यांत आणि तांडेलांच्या हातांत.