बुंगाचा देव मच्छिंद्रनाथ कसा झाला

मढीला कानिफनाथांचं दर्शन घेऊन मायंबाला मच्छिंद्रनाथांच्या समाधीवर डोकं टेकवणारा मराठी भाविक वैशाखात नेपाळमधल्या पाटणला गेला, तर गोंधळेल. गल्लीतल्या घरांच्या गच्च्यांहूनही उंच, सुमारे 60 फुटी रथ डुलत येत असतो. त्याचा वेताने विणलेला निमुळता शेंडा एका बाजूला कललेला असतो. खाली छोट्या देव्हाऱ्यात लाल तोंडाची, टपोऱ्या डोळ्यांची मूर्ती असते. कोण हा देव? नेपाळी बोलणारा सांगेल, रातो मच्छिंद्रनाथ. रातो म्हणजे लाल. बौद्ध घरातून उत्तर येईल, करुणामय, म्हणजे अवलोकितेश्वर. आणि जुन्या वळणाची नेवार आजी एवढंच म्हणेल, बुंगद्यः.

आजीचं नाव सगळ्यांत जुनं. नेवारीत द्यः म्हणजे देव. पाटणच्या दक्षिणेला बुंगमती नावाचं गाव आहे, तिथला हा देव. पाऊस त्याच्या हातात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या गोपालराजवंशावलीत त्याची यात्रा सातव्या शतकातला राजा नरेंद्रदेव आणि आचार्य बंधुदत्त यांनी सुरू केल्याचं म्हटलं आहे. तिथे देवाचं नाव आहे बुग्म लोकेश्वर. त्याआधी, तेराव्या शतकात, धर्मस्वामी हा तिबेटी भिक्षू या लाल देवाचा उत्सव पाहून गेला होता. त्यालाही तो अवलोकितेश्वरच वाटला. मच्छिंद्र हे नाव या देवाला चिकटलेलं दिसतं ते सतराव्या शतकात, मल्ल राजांच्या काळात.

ते चिकटलं कसं, याची गोष्ट मात्र नाथपंथी घरात वाढलेल्यालाही नवी वाटेल. आपल्याकडच्या नवनाथ भक्तिसारात स्त्रीराज्यात रमलेल्या गुरूला सोडवायला गोरक्षनाथ निघतो. नेपाळच्या गोष्टीत गोरखनाथ जागचा हलतच नाही. तो नागांना आसनाखाली दाबून ध्यानाला बसतो, नाग अडकले म्हणून पाऊस अडकतो आणि बारा वर्षं दुष्काळ पडतो. मग राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त आणि ललित नावाचा ज्यापू, म्हणजे शेतकरी, असे तिघं कामरूपाला जातात. देव भुंग्याच्या रूपात कलशात शिरतो आणि नेपाळच्या खोऱ्यात येतो. गुरू आले म्हटल्यावर वंदनासाठी गोरख उठतो, नाग सुटतात, पाऊस कोसळतो.

जुन्या यात्रेतला राजा आणि आचार्य या कथेने तसेच ठेवले, देवाचं माहेर तेवढं कामरूपाला नेलं. मला यात नाथजोग्यांचं कसब दिसतं. राजे शैव आणि पाटणची बरीचशी प्रजा बौद्ध, तेव्हा दोघांना चालेल असं एक नाव हवंच होतं. पुढे 1768-69 मध्ये गोरखनाथाला मानणाऱ्या गोरखा राज्याच्या शाह राजांनी खोरं जिंकलं, तेव्हा त्याच गोरखाच्या गुरूचं नाव पुसलं जाणं शक्यच नव्हतं. पूजा मात्र बुंगमतीच्या शाक्य-वज्राचार्य पुजाऱ्यांकडेच राहिली. त्यांना पांजू म्हणतात. नाव नाथांचं, विधी वज्रयानी बौद्धांचे.

रथ दरवर्षी पुलचोकला नव्याने उभा राहतो. लाकूडकाम बाराही नावाच्या लोकांचं, वेताचं बांधकाम यंगवालांचं, आणि हे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. चारही चाकांवर भैरवाचे डोळे रंगवतात. पुढे झेपावलेला लांबलचक वासा म्हणजे कर्कोटक नाग. ओढणारे शेकडो, पण खरा जीव टांगणीला असतो तो चाकांखाली लाकडी पाचर सारणाऱ्यांचा. रथ थांबवायचा आणि वळवायचा तो त्यांनीच. रथ फार कलला किंवा पडला तर देशावर संकट येणार, असं लोक मानतात. वाटेत लगनखेलला रथाच्या शेंड्यावरून नारळ खाली टाकतात आणि तो झेलायला झुंबड उडते. एका टप्प्यावर दोर फक्त बायकांच्या हाती असतो. सोबत मीननाथाचा छोटा रथ असतो. भक्तिसार वाचलेल्याला मीननाथ म्हणजे मच्छिंद्राचा मुलगा. पाटणकरांना तो त्यांच्या गावचा जुना चाकुवाद्यः.

दर बारा वर्षांनी मात्र रथ थेट बुंगमतीहून ओढत आणतात आणि परत नेतात. 2015 ची यात्रा तशीच होती. 25 एप्रिलच्या भूकंपाने तिला वाटेतच गाठलं आणि बुंगमतीचं देऊळ जमीनदोस्त झालं. तेव्हा बरेच महिने देव रस्त्यातच थांबला.

यात्रेचा शेवट जावलाखेलला होतो, भोटो दाखवून. भोटो म्हणजे रत्नजडित काळी बंडी. कर्कोटकाच्या राणीचे डोळे एका ज्यापूने बरे केले, बक्षीस म्हणून त्याला ती मिळाली. एका भुताने ती चोरली. पुढे याच जत्रेत चोराच्या अंगावर ती दिसली आणि दोघांची जुंपली. पुरावा कुणाकडेच नव्हता. मग बंडी देवाकडे ठेव म्हणून राहिली. खरा मालक पुरावा घेऊन येईल, म्हणून दरवर्षी रथावरून चारही दिशांना ती फडकवतात. पूर्वी समोर राजा उभा असे, 2008 नंतर राष्ट्रपती असतात. अजून कुणी पुढे आलेलं नाही. बंडी गुंडाळून ठेवतात, रथ सुटा करतात आणि देवाला खांद्यावरून बुंगमतीला नेतात.

या दिवशी चार थेंब तरी पडतातच, असं पाटणचे लोक सांगतात. जाणाऱ्याने छत्री न्यावी.