नागपूरचे हिस्लॉप साहेब

लोधीखेडा हे नाव गोव्यात फारसं कुणी ऐकलेलं नसेल. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाताना सौंसरच्या अलीकडे हे गाव लागतं. २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला, त्यात ते आलं. राज्य मध्य प्रदेश, पण मुलूख मराठी बोलणारा. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणं म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१८५४ पर्यंत हा सगळा भाग नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्या राज्यात १८४५ साली एक सत्तावीस वर्षांचा स्कॉटिश पाद्री येऊन राहिला. त्याचं नाव स्टीफन हिस्लॉप. स्कॉटलंडमधल्या डन्स गावच्या एका गवंड्याचा हा मुलगा. लहानपणापासून नाद दगडगोट्यांचा, किड्यामुंग्यांचा. शिक्षण धर्मशास्त्राचं. फ्री चर्चने त्यांना नागपूरला धाडलं.

हिस्लॉप आधी मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी नागपुरात मुलांची शाळा काढली. पुढची सतरा वर्षं त्यांची बहुतेक शक्ती या मुलांवरच खर्च झाली. उरलेल्या वेळात ते दगड फोडत. नागपूरजवळच्या टाकळी गावाजवळ त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना प्राचीन जीवाश्म सापडले. मध्य भारताच्या भूशास्त्रात आजही हिस्लॉप यांचं नाव घेतात. गोंडांची भाषा आणि गाणीही त्यांनी टिपून ठेवली.

४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना वाटेत एक शाळा तपासायला थांबले. उशीर झाला. अंधारात पूर आलेला नाला ओलांडताना ते वाहून गेले. वय अवघं पंचेचाळीस. त्यांची गोंडांविषयीची टिपणं रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापून काढली. पुढे जेम्स डॉसन हे पाद्री छिंदवाड्याला राहून गोंडीत काम करू लागले.

आता अवघड प्रश्न. हिस्लॉप आले होते ते धर्मप्रसारासाठी, आणि हे लपवायचं कारण नाही. त्या हिशेबाने पाहिलं तर पदरात फार थोडं पडलं. मुलं शिकायला आली, धर्म बदलायला नव्हे. आईबापांच्या मनातली भीतीही खोटी नव्हती. गोव्यात आपल्याला ती नीट समजते, कारण इथे सत्ता आणि धर्म हातात हात घालून आले होते. तरीही त्याच गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर स्टीफन्स यांनी लिहिलेलं ‘क्रिस्तपुराण’ आपण मराठीचं लेणं मानतो. हेतू त्यांचा, भाषा आपली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

मला वाटतं, हिस्लॉप यांची हाक त्यांनी ऐकली त्यापेक्षा मोठी निघाली. बाप्तिस्म्याच्या वहीत नावं थोडी चढली, पण शाळेचं झाड वाढलं. १८८३ साली त्यातूनच हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं, ते आजही नागपुरात चालू आहे. तिथे शिकलेल्या पिढ्यांपैकी बहुतेकांनी आपला धर्म बदलला नाही, आणि नाव मात्र हिस्लॉपचं घेतलं. तरुणांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाचा हिशेब, तो कुठल्याही धर्माचा असो, मुलं शेवटी त्याच्याकडून काय घेऊन गेली यावरच करावा. त्याने काय द्यायचं योजलं होतं, ते मग मागे पडतं.