पाहुण्यांनी मांडलेली चूल : हॅम्बुर्ग, १९७०

सिंक्रोट्रॉनवर जीवशास्त्र पोचलं ते पाहुणा म्हणून. हॅम्बुर्गच्या ‘डेझी’ संस्थेतलं यंत्र १९६४ साली सुरू झालं, ते कणभौतिकीसाठी. वेगानं धावणारे इलेक्ट्रॉन वळताना क्ष-किरण बाहेर टाकतात. कणभौतिकीवाल्यांच्या हिशेबी ही निव्वळ ऊर्जेची गळती!

केन होम्स तेव्हा हायडलबर्गच्या माक्स प्लांक संस्थेत जीवभौतिकी विभागाचे प्रमुख होते. त्यांना कीटकाच्या उडण्याच्या स्नायूचं चित्र हवं होतं. चित्र म्हणजे फोटो नव्हे बरं का. क्ष-किरण स्नायूतून विखुरले की फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते, तिच्यावरून रेणूंची मांडणी ताडायची. प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण नळीनं ही नक्षी फार फिकी यायची, एकेका चित्राला तासन्‌तास लागायचे. मग आकुंचन पावणाऱ्या स्नायूत क्षणोक्षणी काय बदलतं, ते कसं टिपणार?

होम्स यांची खरी हुशारी मला माणसं जमवण्यात दिसते. गेर्ड रोझेनबाउम हे भौतिकीतले तरुण, झां विट्स स्ट्रासबर्गचे. १९७० मध्ये या चमूनं वाकवलेल्या क्वार्ट्‌झ स्फटिकानं किरण एकवटले आणि नक्षी मिळवली. १९७१ मध्ये ‘नेचर’मध्ये छोटासा निबंध आला. त्यावर पहिलं नाव रोझेनबाउम यांचं, विभागप्रमुखांचं नव्हे. हे मला फार बोलकं वाटतं.

अर्थात यंत्र कधी, कसं चालणार, हे अजून कणभौतिकीवालेच ठरवत. पुढे १९७४ साली युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळा स्थापन झाली आणि तिची एक शाखा थेट ‘डेझी’च्याच आवारात उभी राहिली.